पोक्तीच्या शेजारी कोण

माझी ताई माकडं बघायची नोकरी करते. हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आले आहे. दरवेळी समोरचा आधी फिस्सकन हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे नेमकं काय करते?" मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. आमच्या वस्तीमागे डोंगर आहे, डोंगरावर रान आणि रानात माकडांची एक मोठी टोळी. पायथ्याशी अभ्यास केंद्राच्या दोन खोल्या आहेत. ताई रोज सकाळी तिथून वर चढते, टोळी गाठते आणि दिवसभर बघत बसते. कोण कोणाजवळ बसलं, कोणी कोणाच्या अंगावरच्या उवा काढल्या, कोणी कोणावर दात विचकले. दिसेल ते गळ्यातल्या छोट्या रेकॉर्डरमध्ये बोलायचं. त्यांना खायला घालायचं नाही, हाकलायचं नाही, त्यांच्या भांडणात पडायचं नाही. तिचं बोलणं केंद्रातल्या बाई ऐकतात आणि कॉम्प्युटरवर चढवतात. लग्नानंतर नव्यानव्याने आमच्या ह्यांनी तिला विचारलं होतं, "याला पगार देतात?" ताई म्हणाली, "तुमच्या घरच्यांकडे बघायला कोणी पगार देईना, म्हणून माकडांकडे बघते." तेव्हापासून हे तिला वचकून असतात.

मी तिची धाकटी बहीण. पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. पँट आखूड करणे, चेन बदलणे, वाढलेल्या पोटांसाठी कंबर सैल करणे, असली कामं. ताई वरच्या खोलीत राहते. लग्न केलं नाही. "एका टोळीचं पुरे आहे," म्हणते. तरुणपणी तिला मैत्रिणींची काय कमतरता होती! रविवारी आमच्या जिन्यावर चपलांचा ढीग पडायचा. कोणाचं बाळंतपण, कोणाचं घर बदलणं, कोणाची नवऱ्याशी वाजलेली, सगळ्यात ही पुढे. आई वैतागायची, म्हणायची, हिला घरात एक खुर्ची कशाला, दारात द्या.

आणि आता? गेल्या वर्षभरात जिन्यावर फक्त तिच्याच चपला.

सुरुवातीला मला वाटलं, दमत असेल. वय झालं आहे, डोंगर रोज चढायचा म्हणजे खायचं काम नाही. पण ती एकेकाला गाळत चालली. मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाला आली नाही. बाजारात जायचं सोडलं. "तू आण गं, मला गर्दी नको." फोन वाजला तर उचलायची, बोलायचीही बरं, पण कोणी "ये ना घरी" म्हटलं की लगेच काहीतरी निमित्त. मी टोकलं की तिचं उत्तर तयार असायचं. आणि उत्तर कुठून? माकडांतून!

"तू पोक्तीला बघितलं असतंस तर असं विचारलं नसतंस," ती म्हणायची. पोक्ती म्हणजे टोळीतली सगळ्यात म्हातारी माकडीण. ताईने तिला पिल्लू असल्यापासून बघितलेलं. "लहान होती तेव्हा दिसेल त्याच्याशी खेळायची. पोरं झाली तेव्हा पोरांवाल्यांत बसायची. आता बघ. सगळी टोळी एका झाडावर असते, ही बाजूच्या खडकावर. जवळ फक्त तुटकी." तुटकी म्हणजे जिचा डावा कान अर्धा तुटलेला आहे ती, पोक्तीची बालमैत्रीण. "दोघी दिवसभर एकमेकींच्या उवा बघतात. बाकीच्यांचं ऐकतात, कोणी ओरडलं तर मान वळवतात, पण उठून जात नाहीत. म्हातारपणी नवीन कोणी जोडत नाहीत त्या. जुनं एखादं धरून ठेवतात. यात बिघडलेलं काही नसतं. हा स्वभाव आहे."

"अगं पण तू माकडीण आहेस का?"

"थोडी आहेच की. तूसुद्धा."

हसून सोडून द्यावं असं बोलणं. मीही दिलं असतं सोडून, पण एक दिवस पोस्टातली दुकानात आली.

पोस्टातली ही ताईची शाळेपासूनची मैत्रीण. पोस्टात खिडकीवर बसायची, म्हणून आमच्या घरात तिला हेच नाव पडलं. आता निवृत्त आहे. कोट द्यायला आली होती, पण कोट टेबलावर आपटला तेव्हाच मी ओळखलं की काम कोटाचं नाही.

"तुझ्या ताईला माझं काय खुपलंय ते सांग एकदा," ती म्हणाली. "पुलावर समोरासमोर आलो. मी हात केला. हात! एवढा! आणि बाईसाहेब माझ्याकडे बघून सरळ पुढे. जशी काही मी खांब आहे."

"लक्ष नसेल तिचं."

"माझ्याकडे बघत होती गं! म्हणजे, माझ्या कानाकडे बघत होती. कसं तरीच बघत होती." तिचा आवाज चिरकला. "मी रात्री-अपरात्री तिच्याबरोबर तुमच्या आईला घेऊन दवाखान्यात धावलेय. आता मी नको झाले का? तसं असेल तर तोंडावर सांग म्हणावं."

ती गेली आणि मी तो कोट तसाच हातात धरून बसले. कारण तिने आईचं नाव काढलं.

आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी तिने बाहेर जायचं सोडलं. मग ओळखीच्यांना ओळखेनाशी झाली. मग कपडे वाळत घालायच्या घोडीशी बोलायला लागली, "या, बसा, चहा टाकते." आणि शेवटी माझ्याकडे बघून ताईला विचारायची, "ही शिंपीण कोण आणली आहेस?" ते मी विसरलेले नाही. मी शिंपीण आहे हे तिच्या लक्षात होतं, मुलगी आहे हे नव्हतं.

म्हणून सांगते, त्याच आठवड्यात जे झालं त्याने माझं धाबं दणाणलं. ह्यांचा रेनकोट मागच्या दाराच्या खुंटीवर टांगलेला होता, वर टोपी. ताई जिन्यावरून उतरली, दाराकडे वळली आणि छान हसून म्हणाली, "अरे, तुम्ही आज लवकर आलात?" रेनकोटाला! हे तर माझ्यामागे टेबलापाशी बसून पाव खात होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. घास ह्यांच्या तोंडातच राहिला. ताई एक क्षण थांबली, मग "चला, उशीर झाला," म्हणत निघून गेली.

"बोलायचं का कोणाशी?" हे हळूच म्हणाले.

"काही नको!" मी खेकसले. बिचारे काय चुकीचं बोलले होते? पण मला ते ऐकायचंच नव्हतं.

मग मी तिची परीक्षा घ्यायला लागले. भाजी निवडता निवडता विचारायचं, काय गं, आपल्या जुन्या घराच्या मालकाचं कुत्रं कसलं होतं? मामाच्या धाकट्याची बायको कुठली? ताई सगळं धडाधडा सांगायची. वर मला माहीत नसलेल्या चार गोष्टी जास्तीच्या सांगायची. मला बरं वाटायचं, आणि मग लगेच आठवायचं की आईलाही जुनं सगळं आठवायचं, शेवटपर्यंत. एकदा मी विचारलं, "आज वार कोणता?" तशी तिने हातातली सुरी खाली ठेवली.

"मला आई समजतेस का?"

"नाही गं, सहज..."

"सहज कोणी वार विचारत नाही." ती रागावली होती, तरी नजर माझ्या तोंडावर नव्हती. माझ्या कानाच्या मागे, भिंतीवर कुठेतरी होती. पोस्टातली म्हणाली होती तेच. आपल्याच बहिणीने आपल्या मागे कोणी उभं असल्यासारखं बघावं!

डोक्यात एकच घोर बसला. ही रोज एकटी त्या डोंगरावर जाते. एका बाजूला सरळ कडा आहे. वाट विसरली तर? भलतीकडे वळली तर? माझ्या हातून कापड वाकडं कापलं जायला लागलं. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय आखूड झाला. शेवटी मी म्हटलं, आपण जाऊन बघू या.

"मी येते आज तुझ्याबरोबर वर," मी सकाळी सांगितलं.

"तू? तुला दुकानाच्या पायरीवर धाप लागते."

"लागू दे. माकडं तरी बघते तुझी."

तिला ते आवडलेलं दिसलं नाही, पण ती नाही म्हणाली नाही. केंद्रातल्या बाई दारातच भेटल्या. ताईचं कौतुक करायला लागल्या, म्हाताऱ्या माद्यांचा मैत्रीचा घेर कसा लहान होत जातो हे तुमच्या ताईमुळेच किती स्पष्ट दिसतंय, पोक्ती आणि तुटकी म्हणजे तर अगदी बोलकं उदाहरण. ताईने मान हलवली आणि चालू लागली. ती नेहमीच पुढे चालते. लहानपणी शाळेत जातानासुद्धा मला कधी पुढे जाऊ दिलं नाही. रानातही तिचा तोच नियम, ज्याला जास्त दिसतं तो पुढे.

आणि खरं सांगू? वाट तिला पाठ होती. कुठे मूळ आडवं आलंय, कुठे दगड हलतो, "इथे वाक, फांदी आहे," "इथे डावीकडे राहा." मी धापा टाकत मागून चालले होते आणि मनातल्या मनात हात जोडत होते. डोकं शाबूत आहे. शाबूत आहे गं बाई. आई तर संडासाची वाट विसरली होती.

टोळी एका मोठ्या झाडावर पसरली होती. ताई एका सपाट दगडावर बसली, ठरलेली जागा असणार, दगड गुळगुळीत झाला होता. तिने कान लावले. झाडाखाली लहान पिल्लांचा धुडगूस चालला होता. ज्याच्या त्याच्या अंगावर उड्या, शेपट्या ओढणं. तरण्या माकडिणी इथून उठून तिथे, तिथून उठून आणखी कुठे. पोरांवाल्यांचा आपला वेगळा घोळका. एक म्हातारा नर फांदीच्या टोकाला एकटाच बसला होता, सासरच्या लग्नाला आलेल्या माणसासारखा. मला हसू आलं. आणि बाजूच्या खडकावर दोघी.

ताईने रेकॉर्डर तोंडाशी नेला. "पोक्ती खडकावर," ती संथपणे बोलू लागली. "शेजारी तुटकी. तुटकी पोक्तीच्या पाठीवरच्या उवा बघतेय."

मी तिच्या गळ्यातली दुर्बीण मागितली. एवढं ऐकलं होतं त्या दोघींबद्दल, म्हटलं बघू तरी. पोक्ती बरोबर सापडली, खालचा ओठ लोंबलेला, केस विरळ, डोळे मिटून बसलेली. आणि शेजारची... मी दुर्बीण पुसली. पुन्हा लावली.

"ताई, हिचे कान तर दोन्ही धड आहेत."

"नीट बघ. डावा."

"डावाच बघतेय. अख्खा आहे."

"ऊन येतंय तुझ्या डोळ्यांवर."

"ऊन पाठीमागे आहे. आणि ताई," मी म्हटलं, "तुटकी पोक्तीच्याच वयाची ना? मग हिच्या पोटाशी पिल्लू कसं?"

ताईने हात पुढे केला, मी दुर्बीण दिली. तिने ती डोळ्यांना लावली, काढली, मान तिरकी केली, पुन्हा लावली. पुढे वाकली. माझ्या कानाच्या मागे बघताना वळवायची तशीच मान, जरा डावीकडे, मग जरा जास्त. खडक काही लांब नव्हता. पिल्लू चांगलं हलत होतं, आईच्या अंगावरून चढून पोक्तीच्या मांडीवर येत होतं. मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुलावरची पोस्टातली. खुंटीवरचा रेनकोट. लग्न, बाजार, गर्दी. फोनवर मात्र बोलणं झकास. बाई गं, हिला विसर पडत नाहीये, हिला दिसत नाहीये!

देवाशपथ सांगते, आधी मला हायसं वाटलं. एवढं हायसं की डोळ्यांत पाणी आलं. आणि मग तिचा चेहरा बघितला.

"तोंड सांग," ती म्हणाली. "तिचं तोंड कसं आहे ते सांग."

"लहान आहे. गाल भरलेले. नाकावर पांढरा डाग आहे."

"पांढरा डाग. ती पलीकडच्या टोळीतून आलेली पोर. तिच्याजवळ कोणी बसत नव्हतं." तिने रेकॉर्डर बंद केला. "मग तुटकी कुठे आहे?"

मी सगळं झाड धुंडाळलं. फांदी न् फांदी. एकेक कान बघितला. अर्ध्या कानाची कोणी नव्हती.

"नाहीये ताई."

"थंडीत खोकत होती," ताई म्हणाली. "ऐकलं होतं मी. मग खोकला थांबला, मला वाटलं बरी झाली." आणि ती एकदम हमसून रडायला लागली. माझी ताई, जी आईच्या वेळी रडली नाही, ती तिथे दगडावर बसून एका माकडिणीसाठी रडली. "गेली गं ती. कधीच गेली असणार. आणि मी रोज इथे बसून ती आहे म्हणून सांगतेय. पोक्तीच्या शेजारी कोणी दिसलं की तुटकीच असणार, असं धरून चालले. दुसरं कोण बसणार तिच्याजवळ?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"किती दिवसांचं आहे हे?" मी शेवटी विचारलं.

"डाव्याचं बरंच जुनं. उजव्यात आता मधोमध डाग आहे. बाजूचं दिसतं. चालता येतं, चहा ओतता येतो. तोंडं जातात फक्त. आवाज आला की कळतं कोण ते."

"आणि दाखवलं नाहीस कोणाला?"

"माकडं बघायच्या नोकरीत आहे मी," ती म्हणाली. "डोळे गेले म्हटल्यावर घरी बसवतील. घरी बसून कोणाला बघू?"

"अगं शहाणे, उजवा वाचत असेल तर? रोज उशीर करते आहेस तू! रोज!" मी ओरडले. पिल्लांचा धुडगूस थांबला, सगळी टोळी माझ्याकडे बघायला लागली. ताईने सवयीने माझा हात दाबला, रानात ओरडायचं नसतं. पण ती घाबरली होती. तिला घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. उजव्यात किती उरलं आहे, काय माहीत. तिलाही माहीत नव्हतं.

उठायच्या आधी तिने विचारलं, "अजून बसलीय का ती?"

"बसलीय. पोक्ती आता तिच्या पिल्लाच्या डोक्यातल्या उवा बघतेय."

"पोक्ती? स्वतःहून?" नाक पुसता पुसता ती हसली. "नवीन जोडली म्हणजे. या वयात. आणि मी बाईंना काय काय सांगून बसले!"

उताराच्या तोंडाशी आल्यावर ती थांबली. मीही थांबले, ती पुढे होईल म्हणून. ती बाजूला सरली.

"तू हो पुढे," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

केंद्रात तिने बाईंना स्वतःच सांगितलं, "थंडीपासूनचं माझं पोक्तीबद्दलचं सगळं बोलणं बाजूला ठेवा, ते खरं नाही." का खरं नाही, ते सांगताना मात्र तिची जीभ अडली. "उद्या सांगते," म्हणाली आणि बाहेर आली. बाई बघतच राहिल्या. मला वाटलं, संपलं, पुन्हा लपवणार ही. आज मला सांगितलं म्हणून तिचं मन हलकं झालं, उद्या म्हणेल, काही नाही गं, बरं दिसतंय.

पूल ओलांडताना समोरून पोस्टातली येताना दिसली. हातात पिशवी, नाक वर, आम्हाला बघून तिने मुद्दाम कठड्याकडे तोंड केलं.

"समोरून कोण येतंय?" ताईने विचारलं. पावलांवरून तिला कळलं असावं, पण खात्री नव्हती.

मी एक क्षण घुटमळले. ताईला चुकवायचं असेल तर अजून वेळ होता, पलीकडच्या बाजूला जाता आलं असतं. "पोस्टातली," मी म्हटलं.

ताईने माझा खांदा सोडला आणि हात वर केला. जरा चुकीच्या बाजूला केला, पण केला.

पोस्टातली थांबली. "अरे वा," ती म्हणाली, "आज दिसले वाटतं मी!"

"नाही," ताई म्हणाली. "नाही दिसलीस. त्या दिवशीही नाही दिसलीस. मला तोंडं दिसत नाहीत गं आता."

पोस्टातलीचं तोंड उघडं राहिलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. तिने पिशवी खाली ठेवली आणि ताईच्या अगदी जवळ गेली, नाकाला नाक लागेल इतकी.

"आता?"

ताईने मान तिरकी केली. "कडेकडेचं दिसतंय. केस पिकलेत तुझे."

"ते सगळ्यांना दिसतं," पोस्टातली म्हणाली आणि रडायलाच लागली. मग डोळे पुसून माझ्यावर डाफरली, "आणि तू काय बघत उभी आहेस? डोळ्यांचा दवाखाना चारपर्यंत उघडा असतो. चला."

"आज?" ताई म्हणाली. "उद्या जाऊ की. आज पाय दुखताहेत."

"तू गप्प बस," आम्ही दोघी एकदम म्हणालो, आणि दोन्ही बाजूंनी तिचे दंड धरले.